शिळफाटा पूर मदत ग्रुप

४ ऑगस्ट, सकाळ
रात्रभर पाऊस. मोबाइल कव्हरचं दुकान बंद. अशा वेळी समाजाला खंबीर माणूस लागतो. 'शिळफाटा पूर मदत' ग्रुप काढला. अॅडमिन मीच. बायको मेघा म्हणाली, आधी साजगावला आत्याला फोन करा, तिच्या घरामागं नाला आहे. करतो म्हटलं. आधी डीपी.

दुपार
ग्रुपवर भयंकर व्हिडिओ आला. पूल वाहून जातोय, माणसं झाडावर. खाली लिहिलंय खालापूर, म्हणजे आमच्या शेजारीच. बुडालेल्या बसवर कानडी पाटी. असेल एखादी सहल. सॅड म्युझिक लावून टाकला : 'अन्न, कपडे खालापूर तहसील ऑफिसला पाठवा.' शेअरवर शेअर! आत्याचे मिस्ड कॉल दिसले. पण मी लाइव्ह होतो. मध्येच कसा घेणार?

संध्याकाळ
पनवेल, कल्याणहून गाड्याच गाड्या. खालापुरात पूर नाही, पण ट्रॅफिक तुंबलंय. फोटो टाकला : 'माणुसकीचा महापूर'.
मेव्हणा रुपेशचा फोन. ओरडतच होता. आत्याची मागची भिंत पडलीय, पाणी आत शिरलंय, टेंपो घेऊन निघालोय, पन तुमच्या मदतवाल्यांच्या गाड्या हलत नायत.
लगेच ग्रुपवर टाकलं, टेंपोला वाट द्या. भरपूर अंगठे आले. वाट काही मिळाली नाही.

५ ऑगस्ट, सकाळ
आत्या सुखरूप. रुपेश आणि मेघा टेंपो सोडून चिखलातून चालत गेले, तिला धरून बुद्धविहारात आणलं. मेघा घरातून कधी गेली कळलंच नाही. मी चार्जर शोधत होतो.
व्हिडिओ जुना निघाला, तोही कर्नाटकातला. पण भावना खऱ्या होत्या.
तहसील ऑफिसातून बोलावणं. सत्कारच! पांढरा शर्ट इस्त्री केला.

संध्याकाळ
सत्कार नव्हता. साहेब म्हणाले, ऑफिससमोरचा जुन्या कपड्यांचा ढीग तुम्हीच उचला. ढिगात एक शेरवानीपण होती. पूरग्रस्ताला शेरवानी! लोकांना कळत कसं नाही?
शर्टाची वाट लागली.

६ ऑगस्ट
विहारात आत्याला भेटलो. डोक्याला पट्टी, हातात चहा. मेघा तिचे पाय शेकत होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
आत्यानं विचारलं, "परवा कुठं व्हतास रं?"
म्हटलं, "आत्या, मी लाइव्ह होतो. सगळं जग बघत होतं."
ती म्हणाली, "ते ठीक हाय रं बाबा. पन व्हतास कुठं?"