आईच्या रजेचा वार

४ मे

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं लग्न नोव्हेंबरात आहे, हे तुला कुणी कळवलंय का? ड्रेस घ्यायला कधी येतेस, हे मी तिसऱ्यांदा विचारतेय. एकोणीस वर्षं या दुकानात परक्या मुलींचे लग्नाचे ड्रेस अंगाबरोबर बसवून देतेय, म्हणून सांगते: निवडल्यावर शिवून यायला चार महिने, मग तीन फिटिंग. गेल्या आठवड्यात एकजण लग्नाला दहा दिवस उरले असताना उगवली. तिची पाठ उसवून पुन्हा शिवताना माझ्या बोटांची चाळण झाली.

या शनिवारी ये. मी कामावर असेनच, हातासरशी तुझी मापं घेईन. बाबा म्हणतात, पोरीच्या मागे लागू नकोस. त्यांचा सूट कपाटात तयार आहे, त्यांना बोलायला काय जातंय!

लोभ असावा, आणि उलट टपाली तारीख असावी.

तुझी आई

११ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

शनिवारी जमलं नाही. दवाखान्यातलं एक्स-रेचं मशीन बंद पडलंय, पेशंटची रांग दारापर्यंत आहे. पुढचे शनिवारही कठीण दिसतात. सोमवारी आले तर? तुझे गुडघे कसे आहेत?

राग नसावा.

बबडी

१८ मे

चि. बबडीस,
आशीर्वाद, पण मोजकेच.

सोमवारी दुकान बंद असतं, हे तुला बालवाडीपासून माहीत आहे. माझी सुट्टी तेवढीच. गुडघ्यांचं सोड, लग्न करायचंय ना तुला? मुलगा गुणी आहे. करायचं नसेल तर स्पष्ट लिही, मी आकांडतांडव करणार नाही. म्हणजे करेन, पण नंतर.

डोकं फिरायच्या आत कळव.

आई

२२ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि.

लग्न करायचंय. मशीन दोन दिवसांतच सुरू झालं होतं, खोटं बोलले.

शाळा सुटली की मी तुझ्या काउंटरमागे अभ्यास करत बसायचे, आठवतं? आरशासमोर नवरी, बाजूच्या मखमली खुर्चीवर तिची आई डोळे पुसतेय आणि खाली फरशीवर, तोंडात टाचण्या धरून, माझी आई. माझ्या वेळी तू खाली नको आहेस मला. त्या खुर्चीवर हवीस. दुसऱ्या दुकानात जाऊ म्हटलं तर तू मला घरात घेणार नाहीस. आणि तुझी सुट्टी नि दुकानाची सुट्टी एकच. म्हणून एक दिवस रजा घे. तू सांगशील त्या वारी येते.

माया कमी करू नये.

बबडी

२५ मे

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रागच आला. एवढं साधं होतं, तर मशीन कशाला बंद पाडलंस? मग बराच वेळ रडले. बाबांनी घाबरून चहा केला, तोही बिनसाखरेचा.

मालकिणीकडे रजा मागितली. कारण काय म्हणाली. म्हटलं, गिऱ्हाईक म्हणून यायचंय. तिने माझी टाचण्यांची उशी घेतली आणि स्वतःच्या मनगटाला बांधून बघितली.

३ जून, बुधवार, सकाळी अकरा. काल जेवणाच्या सुट्टीत त्या खुर्चीवर बसून पाहिलं. तिथून आरसा अख्खा दिसतो गं. मला आजवर नुसते घेरच दिसले होते.

मालकिणीला खालची दुमड सरळ घालता येत नाही. पण मी अवाक्षर काढणार नाही. अगदीच राहवलं नाही, तर एक टाचणी तोंडात धरून बसेन.

लोभ आहेच. उशीर नको.

नवरीची आई