दोन गाठींचा दोरा

अप्पा, आज कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्या हातून वायर चुकली. प्रोजेक्टरची एचडीएमआय वायर मी डिस्प्लेपोर्टमध्ये घुसवत होते. दोन्हींची तोंडं चपटी; एकाचा फक्त एक कोपरा कापलेला असतो. हे मी रोज मुलांना शिकवते. तरी घाईत जोर लावला आणि पोर्टची कड वाकली.

तुम्ही एकदा भवानी पेठेतल्या आपल्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानातून जुना सीपीयू घरी आणला होता. स्वयंपाकघरात तो पाठमोरा ठेवलाय, आई भाकऱ्या थापतेय आणि तुम्ही आम्हा दोघी बहिणींना शिकवताय. माउस आणि कीबोर्ड, दोन्हींच्या पिना सारख्याच गोल. माउसची हिरवी वर, कीबोर्डची जांभळी खाली. मी एकदा ऐकून बरोबर लावते. अक्का उलट लावते, पिन वाकवते. तुम्ही चिमट्याने पिन सरळ करता, तिचं बोट धरून भोकापर्यंत नेता. मग शेजारच्या चादरीच्या कारखान्यातून पिवळा दोरा आणून तिच्यासाठी वायरींना बांधता. कीबोर्डला एक गाठ, माउसला दोन. टेबलामागच्या अंधारातही तिच्या बोटांना कळावं म्हणून.

"अप्पा, मला?"

"तुला कशाला? तुला सांगावं लागत न्हाय की."

आई कौतुकाने हसली. मला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. मीही चुकले असते तर तुम्ही माझं बोट धरलं असतं, एवढं मला कळत होतं. पण चुकायची भीती त्याहून मोठी होती. म्हणून मी प्रत्येक वायर दोनदा बघून लावत राहिले, आणि तुम्ही अक्काशेजारी बसत राहिलात.

तुम्ही गेल्यापासून तुमचं दुकान अक्काच चालवते. आज दुरुस्तीला तीच आली.

"काय गं हुशार बाई, तू पण?"

तिने चिमट्याने कड सरळ केली, अगदी तुमच्यासारखी जीभ ओठांत धरून. ते पाहूनही मी जळले. तेसुद्धा तिच्याच वाट्याला आलं. मग तिने पर्समधून पिवळा दोरा काढला.

"आण ती वायर. तुला बी गाठ मारते."

"मला कशाला? मला कळतंय."

"बरं बाई." दोरा परत पर्समध्ये गेला.

ती गेल्यावर लॅबचा दिवा बंद करून मी वायरींवरून बोटं फिरवली. सगळ्या गुळगुळीत. हे अक्काला सांगणार नाही, तुम्हाला तर कळणारच नाही, पण तिने आणखी एकदा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.