टाकीच्या कपाटातली बादली

शनिवार, ३ मार्च २००७. दुपारी ४.१०

बाथटबमध्ये बाटल्या धूत होतो. बत्तीस. एकोणतिसावी हातात असताना काकू दारात. मी आणि बायको त्यांच्याकडे वरच्या मजल्यावर भाड्याने, बाथरूम सामाईक.

"नितीन, आज अंघोळ कोणाची, तुझी की बाटल्यांची?"

म्हटलं, झालंच काकू, तीन राहिल्या.

"दारूच्या बाटल्या एवढ्या घासून! माझं एक भांडं कधी असं घासलंस का रे?"

खालून काकांचा आवाज, "त्याला घाई करू नकोस गं. नीट धुऊ दे." काका रिटायर्ड डॉक्टर. माझ्या पहिल्या बिअरचे एकमेव गिऱ्हाईक.

ही दुसरी. दोन्ही डब्यातल्या. डब्यात तयार पाक येतो, त्यात साखर, पाणी, यीस्ट, की झालं. चव ठीक. ठीकच.

सकाळी टोपणं आणायला डेरेकच्या दुकानात गेलो होतो. घरी बिअर करण्याचं सामान विकतो. काचेवर हाताने लिहिलेला कागद: मदतनीस हवा, कायमचा. आता काउंटरवर त्याची मुलगी लिंडा असते, तिला मेअखेरीला बाळ होणार. कागद पाच वेळा वाचला. विचारलं नाही. टोपणं घेऊन परत.

मंगळवार, ६ मार्च

सहा वाजता एजन्सीचा मेसेज. आज वेअरहाऊसला काम नाही. गेल्या आठवड्यातही दोन दिवस असेच. वैशाली नाइट करून आली तेव्हा मी डबा भरून, बूट घालून बसलेलो. ती इथल्या हॉस्पिटलात नर्स. व्हिसा तिच्या नोकरीचा, मी तिच्या मागून आलेला.

"दुकानात विचारा ना. नाही म्हणाला तर काय, भिंत पडणार आहे अंगावर?"

तीन वाक्यं कागदावर लिहिली, पाठ केली, गेलो. तिसरं विसरलो. डेरेकने तोवर ओळखलं होतं.

"डबा कोणीही करतं, मेट. धान्यापासून केलेली एक बाटली आण. तुझी स्वतःची. एकोणीस मेपर्यंत. मला सामान समजणारा माणूस हवाय, लेबल वाचून दाखवणारा नको. आणि लोकांशी बोलणारा."

शेवटचं वाक्य बसमध्ये बसल्यावर टोचलं.

रविवार, ११ मार्च

तक्ता केला. डब्यासाठी एक बादली पुरते. धान्यासाठी दोन गोष्टी वाढतात: माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, गरम पाण्यात दीड तास भिजवायला ऊब धरणारं भांडं, आणि त्याचा काढा तासभर उकळायला दुसरं मोठं भांडं. दुसऱ्यापाशी अडलोय. स्टीलचं ११० पौंड, म्हणजे विषय संपला. प्लॅस्टिकची बादली, विजेच्या किटलीतली दोन एलिमेंट बसवलेली, मिळते, ३६ पौंड. पण प्लॅस्टिक. उकळतं पाणी. वितळलं तर? खाली काकूंचा गालिचा.

काका म्हणाले, मंडळाचा चहाचा बॉयलर आपल्याच माळ्यावर आहे, गणपतीपर्यंत कोण विचारतंय. उतरवला. सायट्रिक अॅसिडने तीनदा घासला, तरी वेलदोड्याचा वास. नुसतं पाणी लावून पाहिलं. उकळी फुटते न फुटते तोच टक् करून बंद. चहाला पुरेल. काढा खदखदायला हवा. परत माळ्यावर.

वै.: "लग्नाच्या शालूला मला चाळीस मिनिटं लागली. तुमचा बादलीला हा पाचवा दिवस."

शनिवार, १७ मार्च

घेतली. ३६ पौंड. डेरेकला चारदा विचारलं, वितळणार नाही ना. चौथ्यांदा तो म्हणाला, वितळली तर मला बोलाव, फोटो काढतो.

ऊब धरणारं भांडं विकत घेत नाही. निळा कूलबॉक्स आहे, मागच्या उन्हाळ्यात समुद्रावर नेलेला. थंड धरतो तर गरमही धरेल. काकांचं ड्रिल. दुपारी अडीचला भोक पाडलं. वै. नाइट करून झोपली होती हे लक्षात आलं, पण ड्रिल सुरू झाल्यावर.

"कशाला भोक पाडताय?"

नळ बसवतोय, आत गाळायची जाळी.

"माझ्या कूलबॉक्सला?"

हो.

तिने भोकात बोट घालून पाहिलं. मग म्हणाली, सरळ तरी पाडायचं होतं. खरंच तिरकं झालंय. दोन मि.मी.

रविवार, २५ मार्च

रात्री इथल्या उन्हाळी वेळेसाठी घड्याळं पुढे गेली, एक तास गेला. पुढचेही गेलेच.

अख्खं माल्ट घेतलं होतं, दळलेल्यापेक्षा स्वस्त. म्हटलं, काकूंचा मिक्सर आहे. पाच किलो, अकरा घाणे, प्रत्येक नीट बारीक होईपर्यंत. गरम पाणी ओतलं, दीड तास थांबलो, नळ उघडला. थेंब नाही. तळाच्या जाळीवर खळ बसलेली. फुंकलं, ढवळलं, परत फुंकलं. पाच वाजेपर्यंत अर्धा कप.

काकू कणीक मळत होत्या. दारूकडे बघायचं नाही हा त्यांचा नेम, पण राहवलं नाही. दोन बोटांत चिमूट धरून चोळली.

"हे पीठ केलंस तू. अरे, भरड काढायची! जरा फिरवायचं, थांबायचं, हलवायचं, परत जरा फिरवायचं. साल अख्खी राहिली तर पाणी खाली उतरणार ना? आईने काही शिकवलं नाही?"

आई म्हणायची, डिप्लोमा पूर्ण कर. तोही दुसऱ्या वर्षाला सोडला.

पाच किलो धान्य फेकायचं म्हटल्यावर काकूच कासावीस. चार वाट्या काढून घेतल्या, कांदा, मिरची, कोथिंबीर घालून धिरडी केली. गोडसर लागली. काकांनी पाच खाल्ली. माझ्यामुळे मिक्सरच्या पात्याची धार गेली, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

रविवार, १ एप्रिल

मिक्सरपाशी स्वतः काकू. "दारूला हात लावणार नाही. धान्याला लावते."

नळ उघडला आणि काढा धारेने आला, मधाच्या रंगाचा. वै.ने टाळ्या वाजवल्या. बादली वितळली नाही. हॉप्सची कडू फुलं घालून तासभर खदखदली, गालिचा कोरडा. पूर्ण गार व्हायला रात्रीचे नऊ. काढ्याचा गोडवा मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा १.०४२, पुस्तकात तेवढाच. डब्यांच्या जुन्या बादलीत ओतून, यीस्ट घालून ती जिन्यावरच्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवली. घरात रात्रीही उबदार अशी तेवढीच जागा. डबेही तिथेच व्हायचे.

या वेळी नीट लक्ष ठेवणार. सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून आकडा लिहायचा.

सोमवार, ९ एप्रिल

अडतीस बाटल्या भरल्या. आठ दिवस, सोळा आकडे, आलेखही काढला. वै. म्हणाली, आमच्या वॉर्डात पेशंटचा चार्टसुद्धा इतका भरत नाहीत.

शनिवार, २१ एप्रिल

आंबट.

एक उघडली. आंबट. खालच्या ओळीतली उघडली. तिसरी काकांना दिली. "छान झालंय. ताक म्हणून." वै.ने एक घोट घेतला, उरलेला सिंकमध्ये ओतला. 

सगळं दोनदा धुतलं होतं. नळसुद्धा खोलून. मग कुठे?

अठ्ठावीस दिवस उरले. बाटलीत मुरायला निदान दोन आठवडे, त्याआधी बादलीत एक. बसतं. एकदाच बसतं.

सोमवार, २३ एप्रिल

काम नाही. डेरेककडे गेलो. म्हटलं, माझ्या एका मित्राची बिअर आंबट झाली. दह्यासारखी.

"मित्राची?"

मित्राची.

"मित्राला विचार, बादलीच्या शेजारी काय असतं. आणि झाकण किती वेळा उघडतो."

घरी येऊन कपाट उघडलं. खालच्या फळीवर माझी जागा, रिकामी. वरच्या फळीवर काकूंचं स्टीलचं पातेलं, ताटलीने झाकलेलं. विरजण. त्याच्या बरोबर खाली मी रोज दोनदा झाकण उघडून उभा राहायचो.

आता काय. काका म्हणतात, काकू त्या फळीवर दही लावतात त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. मी या घरात दीड वर्ष. दारूसाठी दही हलवा, असं कोणत्या तोंडाने…

बादलीला गुंडाळायचा गरम पट्टा मिळतो, १४ पौंड. तो घ्यावा, म्हणजे विचारायला नको.

वै.: "चौदा पौंड कशाचे? न बोलण्याचे?"

मंगळवार, २४ एप्रिल

विचारलं. कागदावर न लिहिता. काकू मटार सोलत होत्या. म्हटलं, काकू, एक बोलायचं होतं, रागावू नका. तुमच्या दह्याने माझी बिअर आंबट झाली.

त्यांनी हातातली शेंग ताटात टाकली.

"तुझी बिअर? आणि माझं दही? महिना होत आला, माझ्या दह्याला फेस येतोय! पावासारखा वास. दूध बदललं, पातेलं बदललं, शेजारून विरजण आणलं. यांना म्हटलं, माझ्या हातचं दही गेलं आता, वय झालं."

काका पेपरमागे हसत होते. पेपर हलत होता.

मी म्हटलं, अहो, मग मला बोलला का नाहीत?

"भाडेकरूला कसं सांगायचं, तुझी बादली काढ म्हणून? तू आधीच एवढा घाबरट. लगेच घर सोडून जायचास." मग म्हणाल्या, "आणि तू का नाही बोललास?"

मी ताटातली एक शेंग उचलून सोलायला लागलो.

ठरलं. बादलीला आठ दिवस कपाट, तोवर विरजण काकूंच्या खोलीत, शालीत गुंडाळून. नंतर फळ्या ब्लीचने पुसायच्या, मी. नवी बादली घ्यायची, जुन्या बादलीतला आंबटपणा ओरखड्यांत बसतो म्हणे. बाकी सगळं परत ब्लीचने. आणि झाकण उघडायचं नाही. हे शेवटचं वै.ने घातलं.

बुधवार, २५ एप्रिल

केली. काकूंची भरड, ६६ अंश, १.०४३. कपाट बंद. किल्ली वै.कडे.

गुरुवार, ३ मे

आठ दिवसांत दोन आकडे. फार कठीण गेलं. अडतीस बाटल्या. काकूंचं दही घट्ट लागलं. जेवताना वाटी माझ्याकडे सरकवून त्या फक्त बघत होत्या.

शनिवार, १९ मे

एक बाटली, दोन टॉवेलांत गुंडाळून. दुकानात एक गिऱ्हाईक आधीच, बाई, साठीच्या, नवऱ्याच्या वाढदिवसासाठी सामान बघत होत्या. डेरेकने बाटली घेतली, उजेडात धरली, उघडली नाही.

"आधी यांचं बघ. चाळीस पौंड आहेत त्यांच्याकडे."

त्यांच्याकडे वळलो. मग त्यांना विचारलं, घरात उबदार जागा कुठे आहे? म्हणाल्या, टाकीचं कपाट. म्हटलं, तिथे दुसरं काय असतं? टॉवेल. टॉवेल चालतात. पुढे बोलतच गेलो. डबा घ्या, धान्य आत्ता नको. बादल्या एकीऐवजी दोन घ्या, थर्मामीटर काचेचा नको. महागडं तोटीवालं पिंप त्या हातात घेऊन उभ्या होत्या, म्हटलं, पहिल्या खेपेला ते लागत नाही. एकतीस पौंडांचं सामान घेऊन गेल्या.

डेरेक म्हणाला, "माझे नऊ पौंड घालवलेस."

मग बाटली उघडली. दोन घोट. तिसरा मोठा. "स्वच्छ आहे," एवढंच. उरलेली लिंडाला वास घ्यायला झाकून ठेवली. आणखी एकजण नोकरीचं विचारून गेलाय, त्याने पूर्वी पबमध्ये काम केलंय. सोमवारी फोन करतो, डेरेक म्हणाला.

सोमवार, २१ मे. संध्याकाळी ६.२०

फोन नाही. दुकान साडेपाचला बंद होतं. घरी जाऊन करत असेल. काकूंनी फोन जिन्यात आणून ठेवलाय आणि लाइन मोकळी राहावी म्हणून फोनवर कोणाशी बोलायचं नाही असं स्वतःलाच बजावलंय.

बसल्या बसल्या हिशोब:

उकळायची बादली ३६.००
नळ, जाळीला तांब्याची नळी ९.४०
थर्मामीटर ४.५०
नवी बादली ८.७५
माल्ट, हॉप्स, यीस्ट, तीन खेपा ३३.६०
एकूण खर्च ९२.२५

देणं: वै.ला कूलबॉक्स १४.९९, काकूंना मिक्सरचं भांडं पात्यासकट १६.००. एकूण ३०.९९. दोघी नको म्हणतात. देणार.

खाली अजून एक ओळ लिहिली आहे. काढा झटपट गार करायची वेटोळ्याची तांब्याची नळी, दहा मीटर, २८ पौंड. तिच्यासाठी तक्ता केला नाही. तिथे नोकरी लागली तर थोडी स्वस्तात पडेल. नाही लागली तर पूर्ण पैसे देऊन, त्याच काउंटरवरून.