बोरूची किल्ली

हातखंबा, गुरुवार

प्रिय ऋत्विक,

आधी वाच, मग जेव. जन्मभर तुला उलटं सांगत आले, आज असं सांगतेय यावरूनच काय ते समज. नम्रताला मी बजावलंय की तू शेवटची ओळ वाचेपर्यंत दारातून हलायचं नाही. चुलतभावाच्या लग्नाला आली होती, आता पुण्याला इस्पितळात ड्यूटीवर परत जातेय. उद्याच्या रातराणीने निघून परवा सकाळी थेट तुझ्या खोलीवर येईल. लवूकाकांची पोर, तिच्या हाती घराच्या चाव्या दिल्या तरी मला घोर नाही. तिला चहा विचार. पिशवीत सोड्यांची चटणी आहे, कुळथाचं पीठ आहे, पण ते मागाहून. बोरूची किल्ली तू त्या एलियासला शनिवारी संध्याकाळी देणार असं लिहिलं आहेस ना? अजून दिलेली नाहीस ना? देवा, तेवढं असू दे.

फोन का केला नाही म्हणशील. सोमवारपासून करतेय. तू उचलत नाहीस आणि वर ‘नंतर बोलतो’ एवढं टाकून मोकळा होतोस. तुझे बाबा म्हणतात त्याला झोपू दे. हरिश्चंद्र पाटणकरांचं बरं आहे, जन्म बोटीवर गेला, वादळातही झोपायची सवय. मला नाही ती. दुकानात कुणी सातबाऱ्याचा अर्ज टाइप करून घ्यायला आला तरी माझी बोटं भलतीकडेच जातात. काल एकाच्या लग्नपत्रिकेत मी वधूच्या जागी वराच्या आईचं नाव घातलं. तो बिचारा हसला, मला मात्र रडूच आलं.

मोबाइलवर चार शब्दांत हे मावणारं नाही, आणि इमेल मी करणार नाही. तुझ्या त्या बोरूच्या मेलिंग लिस्टवर, तुमच्या त्या यादीवर, जे करून बसले त्यानंतर त्या बटणाला हात लावायची छाती नाही माझी. पण ती यादी मी वाचते, गेलं वर्षभर रोज वाचते, हे आज सांगूनच टाकते. तुम्ही बोरूवर काम करणारी माणसं एकमेकांना जे लिहिता ते सगळ्या जगाला उघडं असतं, हे तूच एकदा सांगितलं होतंस. दुपारी तिठ्यावर सामसूम असते, तेव्हा मी शोधून काढलं आणि बसले वाचत. जळ्ळं मेलं ते इंग्रजी, एकेक वाक्य मोबाइलला विचारून वाचायचं. निम्मं कळत नाही. पण कोणत्या ओळीत माझा मुलगा दमलेला आहे ते कळतं.

कळणारच. बोरूचा जन्मच मुळी माझ्या दुकानातला. तू डिप्लोमाला होतास, मी आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापत होते, आणि तुझ्या हट्टापायी एका मशीनवर विंडोजऐवजी ते फुकटातलं लिनक्स घातलं होतं. पडद्यावर अक्षरं कशी सुरेख, आणि प्रिंटरमधून बाहेर आली की वेलांट्या भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली. बागवाले माझ्यावर ओरडले, मी तुझ्यावर ओरडले. तू अख्खी मे महिन्याची सुट्टी तंगड्या पसरून तिथे बसलास आणि ती अक्षरं सरळ करणारा एवढासा प्रोग्राम लिहिलास. जगाला फुकट देऊन टाकलास. मला वाटलं, फुकटातली वस्तू, चार जण घेतील आणि विसरतील. आता म्हणे नेपाळ, बंगाल, थायलंड, कुठल्या कुठल्या कचेऱ्यांतून आणि दवाखान्यांतून लिनक्सबरोबर तो आपसूक जातो. आणि सांभाळायला कोण, तर तू एकटा; नवी आवृत्ती जगभर पाठवायची किल्लीही तुझ्या एकट्याकडे. दिवसभर नोकरी करून वर हे.

त्यात मीही भर घातली. गेल्या ऑक्टोबरात जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले. नवं विंडोज जुन्या मशीनवर चालेना, आणि पंचक्रोशीतली सगळी खटारी माझ्या दारात. ग्रामपंचायतीला, दोन शाळांना, पतपेढीला मी लिनक्स घालून दिलं. काय मिरवले म्हणून सांगू! माझ्या मुलाचा बोरू आहे यात, असं सांगत सुटले होते. मग यादीवर पाहिलं तर जगभर हेच झालेलं, आणि त्या सगळ्यांची गाऱ्हाणी तुझ्या एकट्याच्या डोक्यावर. वर ती एआयच्या यंत्राकडून लिहून घेतलेली गाऱ्हाणी. पानभर लांब, बोलायला लाघवी, आणि आत शोधायला जावं तर काही नाही. मेल्या, तू ती सगळी वाचायचास. एकेकाला उत्तर द्यायचास, माफी मागायचास. कसली माफी? कुणाचं काय खाल्लं होतंस तू?

दर रविवारी फोनवर विचारलं की तुझं ठरलेलं, आई, मस्त चाललंय. आणि मागे एकदा यादीवर काय लिहिलं होतंस? की मला वर्षभर बरं नाही, झोप लागत नाही, नवी आवृत्ती कधी येईल सांगता येत नाही, सगळ्यांनी क्षमा करावी. माझं पोर आजारी आहे हे मला जगाच्या चव्हाट्यावरून कळावं? त्या दुपारी माझं डोकंच फिरलं. खाली उत्तर द्यायचं बटण दिसलं, दाबलं, आणि सुचेल ते मराठीत लिहून टाकलं. जेवतोस का, डोक्याला तेल लावतोस का, तुला कुणी छळत असेल तर त्याचं नाव सांग, बाबांना घेऊन येते. मला वाटलं, तुला एकट्याला गेलं. ते गेलं शेकडो माणसांना. त्या यादीवरून काही पुसता येत नाही हे मला कुठे ठाऊक! कुणा नेपाळ्याने त्याचा इंग्रजीत अर्थ सांगितलान, ब्राझीलच्या एकाने माझी आईही अशीच आहे असं लिहिलंन, आणि तू आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस. राग रास्त होता. पण खरं सांगू, त्या ब्राझीलवाल्याचं वाचून मला बरं वाटलं होतं.

आता एलियासचं. दीड वर्षं तो तुझ्या हाताखाली राबतोय, हे मी पाहिलंय. कधी आवाज चढवत नाही, दुरुस्ती पाठवलीन की नीट समजावून सांगतो, तू नाही म्हणालास तर मुकाट पुन्हा करतो. मला तो आवडायचा रे. म्हटलं, चला, माझ्या पोराला कुणीतरी जोडीदार मिळाला. आणि यादीवरचे दुसरे ते दोघे, सतत टोचणारे. किती दिवस वाट पाहायची, ऋत्विकला झेपत नसेल तर त्याने बाजूला व्हावं, एलियास आहे ना, त्याच्याकडे द्यावं. त्यांचा मला इतका संताप यायचा की एलियास आणखीच गुणी वाटायचा.

या सोमवारी मी मागची सगळी पानं पुन्हा काढून बसले. ते दोघे एरवी कुठेच नाहीत. ना कधी दुरुस्ती पाठवली, ना कुणाला मदत केली. एलियासची दुरुस्ती तू अडवून धरलीस की हे उगवतात, तू मान्य केलीस की गडप. मला राजापूरची यमुनाआत्या आठवली. तिच्या बागेचा सौदा करायला मोहोराच्या दिवसांत व्यापारी आला होता, तो बोलायला मऊ. त्याच वेळी दोन वाटसरू पाणी प्यायला म्हणून ओटीवर टेकले आणि आपसात बोलू लागले, की यंदा तुडतुडा सगळा मोहोर खाणार, शहाण्याने आताच बाग देऊन मोकळं व्हावं. आत्याने घाबरून दिलीन. पुढे तेच दोघे त्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत पेट्या चढवताना दिसले. ती अडाणी नव्हती, पण घरात आजारपण होतं आणि ती दमलेली होती.

आणि हे मी तुला काय नवीन सांगतेय? तूच नाही का सांगितलंस, मागे मे महिन्यात आपण फणस फोडत होतो तेव्हा? की फाइली आवळून लहान करणारा एक प्रोग्राम होता, त्याचाही सांभाळणारा एकटा आणि दमलेला. एक अनोळखी माणूस दोन वर्षं मदत करत राहिला, लोक मागून रेटत राहिले, शेवटी त्याला हक्क मिळाले आणि त्याने आत चोरदरवाजा ठेवलान. सर्व्हरमध्ये शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एकाने खोदून पाहिलंन, म्हणून जग वाचलं. तो अनोळखी कोण होता ते आजवर कळलेलं नाही, हेही तूच म्हणालास. तेव्हा हाताचा चीक काढत मी विचारलं होतं की असं कसं कुणाला कळलं नाही. तू म्हणालास, आई, दमलेल्या माणसाला मदतीचा हात दिसतो, त्यामागचा माणूस दिसत नाही.

कदाचित मी वेडी असेन. कदाचित एलियास खराखुरा देवमाणूस असेल आणि मी त्याच्यावर किटाळ आणतेय. त्या विचारानेही जीव थाऱ्यावर नाही. मला तुमचा कोड वाचता येत नाही, त्याने आत काय घातलंन ते मी सांगू शकत नाही. पण मला एक गोष्ट ठाऊक आहे जी तुला ठाऊक नाही, आणि ती आज सांगायलाच हवी.

एलियासने मला पत्र पाठवलंन. माझं ते मराठीतलं यादीवर गेलं, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, मला एकटीला, आणि मराठीत. आदरणीय आई, अशी सुरुवात. ऋत्विकची काळजी तुमच्याइतकीच मला आहे, तो झोपतो का, त्याला काही औषध चालू आहे का, असं विचारलंन. मी ढसाढसा रडले बाळा, आणि सगळं सांगितलं. तुझी छातीतली धडधड, बाबांचं ऑपरेशन, तू घरी कुणाचं ऐकतोस आणि कुणाचं नाही, सगळं. त्याने लिहिलंन की ऋत्विकवरचं ओझं उतरवायचं तर आईनेच सांगायला हवं, आणि मी लिहिल्याचं त्याला कळू देऊ नका, तो ओशाळेल. म्हणून या रविवारी फोनवर मी तुला म्हटलं की दुसऱ्याच्या खांद्यावर दिलेलं ओझं म्हणजे हार नव्हे, देऊन टाक. तू म्हणालास, तू म्हणतेस तर देतो. संध्याकाळी यादीवर तुझं आलंच, की घरच्यांचं ऐकून मी किल्ली एलियासला देतोय. आणि सोमवारी सकाळी मला त्याचं चार ओळींचं आलं. आभार, आणि आता आपली ही पत्रं पुसून टाका. माझ्या मुलाचं भलं चिंतणारा माणूस माझ्या मुलापासून काय लपवतोय? मी काही पुसलेलं नाही, सगळं छापून या पाकिटात घातलंय, तुझ्या विश्वासातल्या जुन्या माणसांना दाखव. बोरू वर्षभर बंद राहू दे. जगाच्या वेलांट्या वाकड्या येऊ देत, तू सोडून दे आणि घरी येऊन झोप, मी कुणाला तुला हाक मारू देणार नाही. फक्त त्याला देऊ नकोस. माझ्या शब्दावर तू हो म्हणालास, आणि तो शब्द माझा नव्हता रे. ओझ्याचं ते वाक्यसुद्धा एलियासचं होतं, मी समोर धरून फोनवर वाचलं होतं.

तुझीच, आणि या वेळी खरोखर मीच,
आई