पोरांचे हाल चालू करा

हुणशीमाळ, बुधवार

तीर्थरूप बनाआत्तीच्या पायाशी,

अनुजाचा वाकून नमस्कार. (वाकलेली मी तशी आधीपासूनच आहे. इथल्या खोलीचं दार बसवताना कुणी पदवीधर आत येईल असं गृहीत धरलेलं नव्हतं.) तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, की देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहतेस? धैर्यशीलदादा बरा आहे ना? आणि चंद्री कशी आहे? व्याली म्हणून कळलं. पान्हा नीट सोडते का? परक्या माणसानं धार काढली तर लाथ मारते का? टेम्पोत चढायला बुजते का? (सहज विचारते.) तिच्या आईच्या दुधावर माझं कॉलेज झालं, त्यामुळे तिची चौकशी करणं मी माझं कर्तव्य समजते.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू “जेवलीस का?” एवढंच विचारतेस आणि उत्तर यायच्या आत बिल चढेल म्हणून ठेवून देतेस. (आता तसं बिल चढत नाही, हे मी तुला बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून सांगते आहे.) म्हणून पत्र. सावकाश वाच. दादाला वाचायला देऊ नकोस, तो मधली पानं सोडतो.

तू कळंब्यात तळ्याकाठी सगळ्या बायकांना सांगितलंस म्हणे, की आमची अनु साहेब झाली. आत्ती, मी साहेब नाही. मी मुख्यसेविका आहे. साहेब वेगळे आहेत आणि ते पुढे येतील. मुख्यसेविकेनं आपल्या भागातल्या अंगणवाड्या बघायच्या असतात, आणि जिथे अंगणवाडी नाही तिथे ती उभी करायची असते. मला उभी करायला मिळाली ती हुणशीमाळावर. गडहिंग्लजच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, मग माळ चढायचा, की वस्ती. कर्नाटक इतकं जवळ, की कुत्र्यानं हुसकलं तर कोंबडी परराज्यात जाते. सगळी घरं शेतकऱ्यांची, घरात कन्नड, बाजारात मराठी. मी पहिल्या दिवशी “मी कळंब्याची” असं अभिमानानं सांगितलं, तर एक म्हातारे आदरानं म्हणाले, “मग कवा सुटलासा?” (आपल्याकडे तळंही आहे, हे जेलपुढे कुणाच्या लक्षात राहत नाही.)

अंगणवाडीला सेविका त्याच वस्तीतली लागते. बारावी झालेली एकच सून सापडली, दानेश्वरी. हुशार, गोड गळ्याची, दोन्ही भाषा येणारी. वस्तीवरच्या सुनेला मिळालेली ही पहिली सरकारी नेमणूक, म्हणून सासऱ्यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि दानेश्वरी बाळंतपणाला अथणीला माहेरी गेली. ती येईपर्यंत वर्ग मीच चालवायचा असं ठरलं, आणि राहायला गौराबाईंच्या घरी. गौराबाई म्हणजे वस्तीवरच्या दूध डेअरीचे सेक्रेटरी बसवराज यांच्या आई. त्यांचं मराठी चांगलं आहे, फक्त महत्त्वाचे शब्द कन्नडमध्ये असतात.

अंगणवाडीला खोली मिळाली तीही डेअरीचीच. सकाळी तिथे दूध गोळा होतं, फॅट बघतात, गाडी येऊन दूध घेऊन जाते. मग फरशी धुतात आणि मी मुळाक्षरांचा तक्ता लावते. आया किटली घेऊन येतात त्यांच्याबरोबर पोरंही येतात, आणि अंगणवाडी उघडेपर्यंत भिंतीला टेकून बसतात. मी पहिल्या दिवशी गेले तर सगळी पोरं एका सुरात म्हणत होती, “हाल! हाल!” मी विचारलं, “काय झालं बाळांनो?” तर एक चार वर्षांचा मुलगा (बसवराजांचा अमरेश) माझा पदर धरून डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “अक्का, हाल!”

आत्ती, तू मला ओळखतेस. मला रात्रभर चैन पडेना. मी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले आहे, वंचित घटकांचे हाल मी पुस्तकात वाचले होते, पण वंचित घटक स्वतःच्या तोंडानं, तेही चौथ्या वर्षी, ते असे नेमक्या शब्दात मांडतील असं कोणत्याच पुस्तकात नव्हतं. मी महिन्याच्या अहवालात लिहून पाठवलं, “येथील बालके स्वतःच ‘हाल, हाल’ असा आक्रोश करतात. तातडीने लक्ष द्यावे.” पाठवल्यावर मला फार बरं वाटलं. आपल्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग होतोय असं वाटलं. (हे वाटणं आठ दिवस टिकलं.)

नवव्या दिवशी ओढ्याला पाणी आलं आणि डेअरीची गाडी माळावर चढली नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच वस्तीवरचं दूध वस्तीवर राहिलं. एरवी घरात थेंब नसतो. सगळं दूध डेअरीला घालतात आणि पोरासोरांसकट सगळे कोरा चहा पितात, त्यामुळे इथे आल्यापासून माझी आणि दुधाची गाठच पडली नव्हती. रात्री गौराबाईंनी माझ्यापुढे पितळेचा पेला ठेवला आणि म्हणाल्या, “हाल कुडी.” मला वाटलं, म्हातारी मला धीर देते आहे. मी म्हटलं, “आजी, हाल सोसायची तयारी ठेवूनच आले आहे.” त्या म्हणाल्या, “सोसतीस काय? गार हुतंय. पी की!”

कन्नडमध्ये हाल म्हणजे दूध.

तुला सांगते, तो पेला मी कशी प्याले मला माहीत नाही. पोरं रोज सकाळी भिंतीला टेकून कॅन भरताना बघत होती, कॅन जाताना बघत होती आणि दूध मागत होती. आणि मी शासनाला कळवलं होतं की ती आक्रोश करतात. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा वाटलं की माझा अहवाल फारसा चुकलेला नाही. दूध डेअरीला घालणाऱ्या घरातलं पोर दूध बघत कोरा चहा पितं, याला मराठीतही हालच म्हणतात. पण असा खुलासा साहेबांना पाठवता येत नाही. म्हणून मी मोबाईलवर दोन मेसेज लिहिले. पहिल्यात, हाल म्हणजे दूध, माझा गैरसमज झाला, क्षमस्व, असं सविस्तर. मग मी घरोघरी फिरून बायकांना पटवलं, की किटली डेअरीत ओतायच्या आधी पोरांच्या पातेल्यात एक पेला ओता. बायकांनी ओतलं. (गौराबाईंनी मुलाच्या डोळ्यांदेखत दोन ओतले.) पोरं दूध प्यायला येऊ लागली, आली की बसू लागली, बसली की गाणी म्हणू लागली. खोली भरली. तेव्हा मी आनंदानं दुसरा मेसेज लिहिला, “सर, हाल आता रोज नियमित सुरू आहेत. मुले आनंदी आहेत. पालकांचेही सहकार्य मिळत आहे.”

इथे रेंज फक्त चिंचेखाली येते, तीही वारा असला तर. पहिला मेसेज गेला नाही. दुसरा गेला.

आता बसवराजांबद्दल. माणूस वाईट नाही. पण पोरांच्या पातेल्यामुळे डेअरीचं दूध कमी भरायला लागलं, आणि गाडीवाल्यानं निरोप धाडला की एवढ्याशा दुधासाठी मी माळ चढणार नाही. गाडी बंद झाली तर वस्तीची चूलच बंद. बसवराज मला म्हणाले, “म्याडम, तुमचं बरोबर हाय. पर सभासदाची म्हस म्हंजे दूध डेअरीचं. ह्यात मी काय करू सांगा.” आणि पातेलं पालथं घातलं. दुसऱ्या दिवसापासून निम्मी पोरं यायची बंद झाली. दोष तरी कुणाला द्यायचा? तक्त्यावरच्या ‘क’ कमळाचा वास येत नाही, दुधाचा येतो.

त्याच दिवशी जीपमधून साहेब आले. तालुक्याचे, विजयसिंह साहेब, अंगणवाडीत नियमित सुरू असलेल्या हालांची चौकशी करायला.

मी पुढे होऊन काही सांगायच्या आत गौराबाई वस्तीवरच्या सगळ्या बायका घेऊन जीपला आडव्या झाल्या. साहेब म्हणजे कुणीतरी पातेलं सुलटं करणारा मोठा माणूस, एवढंच त्यांना कळलं होतं. त्या ओरडल्या, “सायेब, आमच्या पोरांचं हाल बंद केल्यात!”

साहेब म्हणाले, “मग चांगलंच झालं की, आजी.”

“चांगलं काय? तुमच्या घरात पोरं हायत का न्हाईत? चालू करा म्हंते मी! रोज सकाळी हाल झालंच पायजे!” मागून सगळ्या बायकांनी सूर धरला, “झालंच पायजे!”

साहेबांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. मला बाजूला घेऊन म्हणाले, “अनुजाताई, हे आया म्हणतायत?” मी म्हटलं, “सर, यात भाषेचा—” ते म्हणाले, “भाषा मी ऐकली.” बसवराज मध्ये पडले, “सायेब, हाल म्हंजे काय, तर—” साहेब कडाडले, “मला हाल शिकवू नका! मी जन्मभर ह्याच खात्यात आहे.”

मग त्यांनी बालकाचा जबाब घ्यायचं ठरवलं. अमरेशला समोर उभं केलं. गुडघ्यावर बसून, फार मायेनं विचारलं, “बाळा, खरं सांग. इथं तुझे हाल होतात?” अमरेशला त्यातला एकच शब्द कळला. त्यानं पालथ्या पातेल्याकडे बघितलं, ओठ काढला आणि म्हणाला, “हाल इल्ल.”

“काय म्हणतोय?”

बसवराज म्हणाले, “हाल न्हाई म्हंतोय, सायेब.” (यात खोटं काहीच नव्हतं.)

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथेच बॉनेटवर लिहिलं, ‘बालकाने स्वतः सांगितले की हाल नाहीत.’ तेव्हा मात्र मी न थांबता, श्वास न घेता सगळं सांगून टाकलं: हाल म्हणजे दूध, इल्ल म्हणजे नाही, मूल म्हणतंय की दूध नाही. साहेबांनी लिहिलेलं पुन्हा एकदा वाचलं. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, “म्हणजे वाक्य दोन्ही भाषांत खरं आहे?”

मी म्हटलं, “हो सर.”

“मग राहू दे. दूध आपल्या आहारात बसत नाही, अनुजाताई. पण पटावरची पोरं दिवाळीपर्यंत हजर दिसली नाहीत, तर हे केंद्र मला दुसऱ्या गावाला द्यावं लागेल.” आणि जीप गेली.

तर आत्ती, चौकशीत मी निर्दोष ठरले आणि पोरं कोऱ्या चहावर गेली. दानेश्वरीला मुलगी झाली आहे. तिचा काल फोन आला होता, चिंचेखाली घेतला. विचारत होती, “मॅडम, माझी अंगणवाडी चालू हाय न्हवं?” मी म्हटलं, चालू आहे. तेवढ्यात वारा पडला, ते बरं झालं.

मी इथे अगदी मजेत आहे. मला काहीही नको. तू माझी काळजी करू नकोस, पट्टा बांध.

तुझी,
अनुजा

ता. क. १ : बसवराज म्हणाले की सभासदाची म्हैस असेल तर दूध डेअरीचं, हा नियम त्यांना मोडता येत नाही, पण बिगर-सभासदाची म्हैस असली तर त्यांची काही हरकत नाही. वस्तीवर बिगर-सभासद मी एकटीच आहे. अंगणवाडीत म्हैस असू नये असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलं.

ता. क. २ : तुला आता उठबस होत नाही आणि दादा चंद्रीला विकायला निघाला आहे, असं वहिनी म्हणाली. विकू नकोस. वैरण गौराबाई देणार आहेत, धार बायका आळीपाळीनं काढणार आहेत. दानेश्वरीची मुलगी मोठी होऊन अंगणवाडीत बसू लागली, की मी चंद्रीला परत आणून सोडीन. (तोवर ती म्हातारी होईल हे मला माहीत आहे. पण उसनी मागितलेली वस्तू परत करीन असं म्हणायची पद्धत आहे.)

ता. क. ३ : “आमच्या आत्तीची म्हैस आणते” असं मी वस्तीवर सांगितलं. इथे अत्ती म्हणजे नुसती आत्या नाही, सासूसुद्धा. त्यामुळे माझं लग्न झालेलं असून सासू फार मायाळू आहे, असा सगळ्यांचा समज झाला आहे. मी तो दूर केलेला नाही. स्थळं यायची थांबली आहेत. तुला कुणी काही विचारलं तर तूही सासूसारखीच बोल.

ता. क. ४ : हे पत्र पोस्टानं पाठवलेलं नाही. पत्र घेऊन आलेला आणि आता तुझ्या अंगणात दावं हातात धरून उभा असलेला पावणा म्हणजेच बसवराज. टेम्पो कोपऱ्यावर लावायला सांगितला आहे, म्हणजे तुझं वाचून होईपर्यंत दादाच्या नजरेला पडणार नाही. ते स्वतःहून आलेले नाहीत, त्यांच्या आईनं धाडलं आहे. तेव्हा त्यांना बोलू नकोस, चहा दे. दुधाचा दे. त्यांनाही बरेच दिवस मिळालेला नाही.

ता. क. ५ : चंद्रीला निरोप देताना रडू नकोस. शपथेवर सांगते, तिचे इथे मराठी हाल अजिबात होणार नाहीत. कन्नड हाल मात्र रोज दोन वेळा व्हायलाच पाहिजेत.