वाफ न धरणारा चष्मा

ब्लफ, १४ ऑगस्ट. सकाळी पाऊस, दुपारी वारा. कोल्ड स्टोअरला कामावर गेलो, परत आलो. बटाटे उकडत ठेवलेत.

ती. मेरेआनाताईस नमस्कार.

ब्रिस्बेनच्या उबेत तुझा गुडघा बरा असेल. इथे सगळं ठीक. रावीरीदादा नाही, तेवढं सोडून.

मला एक संशय आहे. दादाला पुरल्यानंतर पहिल्यांदा कामावर गेलो. गोठलेले मासे तपासून चहाच्या खोलीत आलो की माझा चष्मा आंधळा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. (मला तिथे धुकेराव म्हणतात.) त्या दिवशी झाला नाही. आधी संशय चहावर आला, कोमट असणार. जीभ भाजली. मग हीटरवर. तोही चालू होता.

दादाने आणि मी एकाच दुकानात एकसारखे चष्मे केले होते. फ्रेम तीच, नंबरही जवळपास तोच. चष्मेवाला म्हणाला, बाबांच्या जुन्या जाड काचा गार पडल्या की लवकर तापत नाहीत, म्हणून वाफ बसून राहते. प्लॅस्टिकवरून लवकर जाते. पण मी घेतलेल्या, पाणी झटकणाऱ्या लेपावर बारीक थेंब जमतात. दुसऱ्या एका लेपावर थेंब बनतच नाहीत, पाणी पातळ पसरतं आणि आरपार दिसतं. मला ती लुबाडणूक वाटली. दादाने तोच घेतला. "हेनऱ्या, मला हांगीचा खड्डा उघडायचा असतो, तापल्या दगडांवर पुरून शिजवलेला. शंभर माणसांचं जेवण चाचपडत काढू का?" (तो चष्मा शर्टाने पुसायला मात्र बंदी. नुसता हात लावला तरी ओरडायचा.)

आता दफनाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ आठव. हांगीचा खड्डा उघडायला दादा नव्हता, म्हणून वरची पोती मी उचलली. वाफेने काही दिसेना. चष्मा काढून डोळे पुसले. स्वयंपाकघरातून हुइया मावशी ओरडली, "बघा गं, हेनारे रडला! मला वाटलं, हाही माशांबरोबर गोठला!" मी म्हणालो, वाफ आहे. "हो रे बाबा, वाफच," म्हणत तिने मला पोटाशी धरलं. सुटल्यावर मी चष्मा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. दादाचाही तिथेच होता, त्याने शेवटचा ठेवला तसा. सकाळी शवपेटीला झाकण लावण्याआधी तू खिडकीतला एक उचलून त्याच्या कोटाच्या खिशात घातलास. उरलेला मी घातला.

तुझ्यावर संशय नाही. (थोडा आहे.) दादावर जास्त आहे. जाता जाता मला खोटं पाडल्याशिवाय त्याला चैन पडलं नसणार. आता माझा चष्मा घालून तिकडे चाचपडत असेल.

तुझा,
हेनारे

ता. क. हुइया मावशीला कुणीतरी सांगितलंय. ती रविवारी येणार, मेलेल्याची वस्तू जिवंताने वापरायची नाही, कबरीपाशी पुरू म्हणते. तेव्हा तिला दोन ओळी लिही, की तू नीट बघूनच उचललास आणि माझ्याकडे आहे तो माझाच. वरचं सगळं विसर. तुझं तिला खरं वाटतं.

ता. क. २. बटाटे झाले. झाकण काढून तोंड वाफेवर धरलं. काचा स्वच्छ राहिल्या. तरी नीट दिसेना, आणि आता वाफ म्हणायची सोय नाही. चष्मा काढला. शर्टाने पुसला नाही, नळाखाली धरला, खिडकीत वाळत ठेवला. मग बटाटे निथळले.