चार बोटे कमी

बाबा, ज्या कंपनीचा करडा ट्रॅक्टर तुम्ही धामापूरच्या सहकारी संस्थेसाठी चालवलात, तिचा इतिहास मी लिहितो आहे. पन्नाशीच्या दशकात लाकडी खोक्यांतून सुटे भाग बोटीने आले आणि इथे जोडले गेले. साठीच्या दशकात गिअरपासून बॉनेटपर्यंत सारे इथेच घडू लागले. हे सगळे मी पुराव्यानिशी लिहिले. अडलो तो चिखलात चालणाऱ्या लोखंडी चाकांच्या पानावर. त्या पानावर तुम्हांला जागा द्यावी की नाही, हे मला ठरवायचे होते.

तलावाखालच्या भातशेतीत ट्रॅक्टर पहिल्यांदा उतरला आणि मागची चाके आसापर्यंत रुतली. शेजारचे काका बांधावरून ओरडले, "अरे, तुमचो लोखंडी रेडो आंगोळ करता मरे!" तुम्ही चिखलातूनच म्हणालात, "करूंदे रे. तुझो रेडो खंय रोज न्हाता?" शेवटी त्यांच्या आणि आणखी चौघांच्या रेड्यांनीच तो बाहेर ओढला. पुढच्या वर्षी तुम्ही लोहाराकडून बैलगाडीच्या चाकांच्या जुन्या लोखंडी धावा घेतल्या, त्यांवर आडव्या लोखंडी पट्ट्या ठोकवल्या आणि ती जाळीची चाके टायरांच्या बाहेरच्या अंगाला बसवली. ट्रॅक्टर रुतला नाही. काकांनी बांधावरून उतरून पट्ट्या चाचपून पाहिल्या.

मी तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सुट्टीत आलो, तर स्वयंपाकघरात पेज निवत होती आणि तुम्ही जमिनीवर कागद पसरला होता. "ह्या कंपनीक धाडूक व्हया. तू इंग्रजीत चार ओळी लिही." मी पाहिले: मापे वितींत, आणि जाळीचे चाक टायरपेक्षा लहान. "माप चुकले आहे, बाबा. आणि वीत हे काय माप झाले?"

"चिखलाक इंच खंय कळतत रे? आणि चार बोटां कमीच व्हयी."

का, हे मी विचारले नाही. पाकिटावर तुम्ही स्वतः तिकीट चिकटवलेत. मालवणात पेटीत टाकतो म्हणून मी ते घेतले, आणि टाकले नाही. तुमचे हसे होईल असे वाटले. खरे तर माझे.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो आहे. फाटकाशी पोस्टमन थांबतो. तुम्ही विचारता, "कंपनीचा पत्र इला काय रे?" "नाय हो, आज पण नाय." "येतला. मोठी माणसां ती, तेंका कामां आसतत." मी पान उलटतो.

गेल्या आठवड्यात कंपनीच्या दफ्तरात त्यांचा जाळीच्या चाकांचा आराखडा पाहिला, तुमच्या आराखड्यानंतर काही वर्षांनी काढलेला. चाकाचा व्यास टायरपेक्षा किंचित कमी. शेजारी टीप, रस्त्याने जाताना पट्ट्या जमिनीला लागू नयेत म्हणून. कंपनीने तुमचे घेतले असे मी लिहू शकत नाही. तिला ते मिळालेच नव्हते. म्हणून एवढेच लिहिले: धामापूरच्या एका चालकाने ही चाके आधीच बनवली होती, त्याचा आराखडा त्याच्या मुलाने पाठवला नाही.

काल ते जपून ठेवलेले पाकीट उघडून चाकाच्या व्यासाच्या तुमच्या सहा विती माझ्या हाताने मोजून पाहिल्या. चाक फारच लहान भरले. पुन्हा मोजले, तेव्हा उमगले. तुमचा पंजा माझ्याहून मोठा होता, हे मी विसरलो होतो.